वडिलांचा तिकिटसंग्रह विकताना: ग्वाल्हेरहून

टपाल तिकिटं जपून ठेवली की त्यांची किंमत वाढतच जाते, असं आमच्या घरात गृहीत धरलेलं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीतून, निवृत्त झाले तेव्हा फंडाचे बरेचसे पैसे घराच्या वरच्या मजल्यात गेले. आई काळजी करायला लागली की ते म्हणत, "अल्बम आहेत ना." ऑक्टोबर २०२२ मध्ये दादा गेले. चौदा अल्बम, जुन्या पाकिटांनी भरलेल्या दोन पत्र्याच्या ट्रंका आणि हिशेबाच्या तीन वह्या मागे राहिल्या. त्या सगळ्याची यादी करण्यापासून शेवटची रक्कम आईच्या खात्यात जमा होईपर्यंत जवळजवळ दीड वर्ष गेलं. या काळात मला पडलेल्या प्रश्नांवर मराठीत फारसं काही वाचायला मिळालं नाही, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे. कुणाच्या तरी माळ्यावर असे अल्बम असतीलच.

जानेवारी २०२३ मध्ये, संक्रांतीला, धाकटा भाऊ पुण्याहून आला. त्याने मोबाइलवर एक बातमी दाखवली. "ताई, गांधीजींची चार तिकिटं चार कोटींना गेलीत. आपल्याकडेही गांधीजींची आहेत."

बातमी खरी होती. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅनली गिबन्स या जुन्या तिकीट-व्यापारी कंपनीने १९४८ च्या दहा रुपयांच्या गांधी तिकिटांची चारांची पट्टी ५ लाख पौंडांना विकली होती. पण त्या चार तिकिटांवर 'सर्व्हिस' असा जादा छाप होता. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी अशी फक्त १०० तिकिटं छापून घेतली होती. साधा गांधी संच १५ ऑगस्ट १९४८ ला निघाला, स्वित्झर्लंडमध्ये छापलेला: दीड आणे, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. दादांच्या अल्बममध्ये पहिली तीन होती आणि चौथ्यासाठी पेन्सिलीने आखलेला रिकामा चौकोन. १९४८ मध्ये दहा रुपयांचं तिकीट नुसतं जपून ठेवायला घेणं कितीजणांना परवडलं असेल? म्हणूनच ते आज महाग आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही बाजारात फिरतात.

भावाला मी म्हटलं, आधी यादी करू, मग कोटींचं बोलू. तो पुण्याला परतला आणि यादी माझ्याकडे आली.

यादीसाठी मी साध्या रजिस्टरमध्ये रकाने पाडले: साल, किंमत, कोरं की वापरलेलं, अवस्था, दादांनी काय भावाने घेतलं. शेवटचा रकाना दादांच्या वह्यांमुळे भरता आला. त्यांच्या नोकरीची सवय त्यात दिसत होती. तारीख, विक्रेत्याचं गाव, रक्कम, सगळं एका ओळीत. ज्यांच्या घरी अजून संग्रह करणारं माणूस हयात आहे, त्यांनी त्याच्याजवळ बसून अशी वही आत्ताच करून घ्यावी. मला तिचा जेवढा उपयोग झाला तेवढा इंटरनेटचाही झाला नाही.

अवस्थेचा रकाना भरताना मात्र हात जड झाला. कोऱ्या तिकिटाची अर्धी किंमत त्याच्या पाठीमागच्या डिंकात असते, हे मला माहीत नव्हतं. डिंक जसा छापखान्यातून आला तसा, कशालाही न चिकटलेला असेल तर भाव वेगळा. पूर्वी अल्बममध्ये लावायला वापरत त्या छोट्या कागदी हिंजची खूण असेल तर वेगळा. डिंक गेलेला असेल तर आणखी वेगळा. आमच्या ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये कूलरशिवाय भागत नाही, आणि दादांचं कपाट कूलरच्या खोलीत होतं. वर्षानुवर्षं ती ओलसर हवा अल्बमांत शिरत राहिली. सातव्या अल्बममधली बरीच कोरी तिकिटं पानाला कायमची चिकटली होती. काहींवर तपकिरी ठिपके आले होते. कागदावर असा गंज चढला की तो सहसा पूर्ण उतरवता येत नाही. कोरड्या खोलीत, लोखंडी कपाटात, पुस्तकासारखे उभे ठेवलेले अल्बम टिकतात. आडवे एकावर एक रचले की खालच्या पानांवर दाब येऊन डिंक चिकटतो. हे वाचून कुणी आज कपाट हलवलं तरी हे लिहिल्याचं सार्थक होईल.

मार्चमध्ये दादांचे एक जुने स्नेही भेटायला आले. तेही पन्नास वर्षांपासून तिकिटं जमवतात, इथल्या महाराज बाडा चौकापासून जवळच राहतात. मी त्यांना काकाच म्हणते. त्यांनी आल्याआल्या मला बोटांनी तिकिटं उचलायला बंदी केली आणि खिशातून चिमटा काढून दिला. असाच सपाट टोकाचा चिमटा मी नंतर दीडशे रुपयांत घेतला, भिंग चारशेला. पुढे महिनाभर ते दर रविवारी येत राहिले.

पहिल्याच रविवारी मी त्यांना सरळ विचारलं, "काका, वर्षं गेली की तिकिटाची किंमत वाढते ना?"

"नुसत्या वर्षांनी काही होत नाही, बाई," ते म्हणाले. "किती छापली, किती उरली आणि आज किती जणांना हवी आहेत, एवढंच विचारायचं." मग त्यांनी दादांच्या एका अल्बममधून टपाल खात्याचं माहितीपत्रक काढलं. प्रत्येक नव्या स्मारक तिकिटाबरोबर, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या निमित्ताने काढलेल्या तिकिटाबरोबर, असं पत्रक निघतं. त्यात मागे तांत्रिक माहिती असते: छपाईची पद्धत, कडेच्या छिद्रांचं माप, छापणारी संस्था, आणि छापलेल्या तिकिटांची संख्या. त्यांनी बोट ठेवलं तिथे ३० लाख लिहिलं होतं. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ पत्रकांवर हाच किंवा याच्या आसपासचा आकडा दिसला. ती पोस्टात रांग लावून घेणारे हजारो संग्राहक दादांसारखेच होते. सगळ्यांनी कोरी घेतली, सगळ्यांनी जपली. आता ती पिढी जाते आहे आणि सगळ्यांचे अल्बम एकदमच बाजारात येत आहेत. घेणारे कमी.

जगातलं पहिलं टपाल तिकीट, १८४० चं ब्रिटनचं 'पेनी ब्लॅक', तेही याच कारणाने दुर्मीळ नाही. ते ६ कोटी ८० लाखांच्या आसपास छापलं गेलं. वापरलेलं, चारही बाजूंची कड शाबूत असलेलं चांगलं मिळालं तर पैसे पडतात, पण पावणेदोनशेहून अधिक वर्षं जुनं असूनही ते जगभरात विकत मिळतं. उलट ब्रिटिश गियानाचं १८५६ चं एक सेंटचं तिकीट जगात एकच आहे. ते २०१४ मध्ये सुमारे ९५ लाख डॉलरना विकलं गेलं. त्याच तिकिटाला २०२१ मध्ये ८३ लाख मिळाले. एकमेव वस्तूचीही किंमत सात वर्षांत उतरली. त्या वेळी कुणाला ते किती हवं होतं, यावर सगळं ठरलं. हे मी भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

काकांनी मला कॅटलॉग वाचायला शिकवलं. स्टॅनली गिबन्सच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक तिकिटाला कोऱ्याचा आणि वापरलेल्याचा असे दोन भाव असतात. ते भाव पाहून मी पहिल्या रात्री बेरीज केली आणि ती लाखांत गेली. दुसऱ्या रविवारी काकांनी तीच बेरीज बाजूला ठेवायला सांगितली. कॅटलॉगचा भाव हा व्यापारी उत्तम अवस्थेतलं तिकीट गिऱ्हाइकाला ज्या किमतीला विकेल तो. व्यापारी आपल्याकडून घेईल तो नव्हे. आणि सर्वांत कमी भाव जिथे छापला आहे, तिथे तर ती तिकिटाची किंमतच नसते, एक तिकीट शोधून, पाकिटात घालून देण्याचा तो मोबदला असतो. अशा कमीत कमी भावाच्या हजार तिकिटांची बेरीज कागदावर मोठी दिसते, हातात येत नाही.

चौथा आणि पाचवा अल्बम फक्त ग्वाल्हेर संस्थानाचा होता. दादांचा जीव यात होता. होळकरांच्या इंदूरने स्वतःच्या राजांची चित्रं असलेली तिकिटं काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारने मात्र १८८५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानशी टपालाचा करार केला. त्यामुळे ग्वाल्हेरची तिकिटं म्हणजे राणीची किंवा राजाची नेहमीचीच तिकिटं, वर इंग्रजीत आणि देवनागरीत ग्वालियर असा छाप मारलेली. पतियाळा, जिंद, नाभा, चंबा, फरीदकोट यांचीही अशीच व्यवस्था होती. संस्थानात टाकलेलं पत्र या तिकिटावर हिंदुस्थानात कुठेही जाई, परदेशी मात्र नाही. सरकारी कामाच्या तिकिटांवर देवनागरीत 'ग्वालियर सरविस' असं छापलेलं असे. ही पद्धत १९५० पर्यंत चालली.

साठ-पासष्ट वर्षांत एकेक करत दादांनी ही तिकिटं जमवली. त्यातली पंचम जॉर्ज आणि सहावा जॉर्ज यांची लहान किमतींची तिकिटं आजही वीस-पंचवीस रुपयांना मिळतात. मोठ्या, रुपयांच्या किमतीची तिकिटं कमी छापली गेली, त्यांना भाव आहे. आणि छपाईच्या चुकांना आहे. छापाची अक्षरं जुळवताना एका जागी इंग्रजी ग्वालियरमधल्या ओ ऐवजी सी लागला, ती चूक संग्राहकांत प्रसिद्ध आहे. दादांच्या अल्बममध्ये ते तिकीट एका पानावर एकटंच होतं. वहीत नोंद: १९७९, दीडशे रुपये. दादांचा त्या वेळचा पगार पाहता ही रक्कम लहान नव्हती.

ते तिकीट काकांनी बराच वेळ भिंगाखाली धरलं. मग मला दिलं आणि काही न सांगता म्हणाले, "शिक्का आणि छाप, कोण वर आहे बघ." मी पाहिलं. पोस्टाच्या शिक्क्याची काळी शाई खाली होती आणि ग्वालियरच्या छापाची शाई तिच्यावरून गेली होती. छाप आधी, मग तिकीट विकलं जाणार, मग शिक्का पडणार, असा क्रम असायला हवा. शिवाय शिक्क्याच्या उरलेल्या तुकड्यात कानपूरची अक्षरं लागत होती. कानपूरला हे तिकीट चाललंच नसतं. म्हणजे तिकीट अस्सल, व्हिक्टोरियाच्याच काळातलं, चार आण्यात मिळणारं. छाप कुणीतरी नंतर मारलेला. करार संस्थानांच्या तिकिटांत खोटे छाप पूर्वीपासून आहेत, कारण त्यासाठी आख्खं तिकीट बनवावं लागत नाही. महाग तिकिटाचं प्रमाणपत्र लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीकडून घेता येतं, पण शुल्क, पाठवण्याचा खर्च आणि काही महिने धरावे लागतात. या तिकिटासाठी त्याची गरज उरली नाही.

मला वाईट वाटलं ते पैशापेक्षा दादांसाठी. ते हयात असते तर त्यांना सांगितलं असतं का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. दीडशे रुपये सात टक्क्यांनी चक्रवाढ व्याजाने चव्वेचाळीस वर्षं ठेवले असते तर जवळजवळ तीन हजार झाले असते, हाही हिशेब मी त्या रात्री केला. मग वही मिटली.

ट्रंका एप्रिलच्या शेवटी उघडल्या. आत माझ्या आजोबांची पत्रं होती. आजोबा संस्थानाच्या महसूल खात्यात होते. भिंड, भेलसा, शाजापूर अशा बदल्या होत. तिथून ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आजीला पत्रं लिहीत, बरीचशी मोडीत. भेलसा म्हणजे आजचं विदिशा. दादांनी पुष्कळ पाकिटांवरची तिकिटं कापून, पाण्यात भिजवून काढून घेतली होती. त्यांच्या पिढीचे सगळे संग्राहक असंच करत. पण तळाशी एक गठ्ठा सुतळीने बांधलेला तसाच राहिला होता. पूर्ण पाकिटं, त्यावर ग्वाल्हेरचं तिकीट, निघालेल्या गावाचा शिक्का, मागे पोहोचल्याचा शिक्का.

काका हा गठ्ठा पाहून खुर्चीत सरसावून बसले. कापून काढलेलं तिकीट कुठून कुठे गेलं हे सांगत नाही. पाकीट सगळं सांगतं: दर किती होता, कोणत्या मार्गाने गेलं, किती दिवस लागले. संस्थानाच्या लहान टपाल कचेऱ्यांचे शिक्के मोठ्या शहरांच्या मानाने कमी उरले आहेत. ज्या तिकिटाला सुटं वीस रुपये मिळतात, तेच शाजापूरच्या स्वच्छ शिक्क्यासकट पाकिटावर असेल तर अनेक पटीने जास्त मिळतात. म्हणून सर्वांना विनंती: जुनी पत्रं सापडली तर तिकिटाला कात्री लावू नका, पाण्यात घालू नका, सेलोटेप तर अजिबात नको.

पाकिटं विकावीत की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. आईने सोडवलं. "मजकूर आपला, पाकीट त्यांचं," ती म्हणाली. पत्रं आम्ही स्कॅन करून ठेवून घेतली. पाकिटांपैकी भेलशाची दोन ठेवली, एक भावाला, एक मला.

मध्येच एक सरकारी काम निघालं. दादांनी टपाल खात्याच्या फिलाटेली ब्युरोत, म्हणजे संग्राहकांसाठीच्या कचेरीत, खातं उघडलेलं होतं. किमान दोनशे रुपये भरून हे खातं सुरू होतं आणि नवीन तिकिटं, पहिल्या दिवसाची पाकिटं (तिकीट निघालं त्या दिवसाचा शिक्का मारलेली), पत्रकं घरपोच येतात. रक्कम खात्यातून वळती होते. दादा गेल्यावरही पाकिटं येत राहिली, कारण कळवायचं असतं हे आम्हाला सुचलं नव्हतं. आई प्रत्येक पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवत असे. जूनमध्ये मी लेखी अर्ज केला. लागलेली कागदपत्रं अशी: मृत्यूचा दाखला, खात्याचा क्रमांक असलेलं शेवटचं पाकीट, तिघा वारसांचं शपथपत्र, भावाचं आणि माझं आईच्या नावे ना-हरकत पत्र, तिघांची आधार कार्डं, आईच्या बँक पासबुकाची प्रत. शपथपत्राचा ई-स्टॅम्प, टायपिंग आणि नोटरी मिळून चारशे रुपये लागले. भावाची सही पुण्याहून टपालाने मागवावी लागली. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती करून ठेवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नंतर चौकशी करताना त्या पोचेवरचा क्रमांकच विचारतात. खात्यातले शिल्लक १,१४० रुपये सप्टेंबरच्या मध्यावर आईला मिळाले. खर्चाच्या मानाने रक्कम लहान, पण दादांच्या नावाचं कुठलंही खातं उघडं राहू नये असं आईला वाटत होतं.

विकायचं कुठे, हा प्रश्न पावसाळाभर चालला. एका स्थानिक व्यापाऱ्याने सगळं सरसकट अठरा हजारांना मागितलं. दुसऱ्याने फक्त ग्वाल्हेरचे अल्बम मागितले आणि पाकिटांकडे पाहिलंही नाही. त्यावरून मला कळलं की ज्याला आपल्याकडचं नेमकं काय आहे त्याची पारख आहे, त्याच्याकडेच जावं. काकांच्या सल्ल्याने मी मुंबईच्या एका लिलावगृहाला यादी आणि फोटो पाठवले. फोटो काढताना सूर्यप्रकाश थेट पडू नये, तिकिटाची पाठही दाखवावी, कडेचे दाते तुटलेले असतील तर तेही स्पष्ट दिसावेत. लपवलेला दोष तिथे सापडतोच आणि मग बाकीच्या वस्तूंबद्दलही शंका घेतात.

उत्तर आलं ऑक्टोबरमध्ये. चौदा अल्बमांतून त्यांनी निवडलं ते एवढंच: आजोबांची पाकिटं, ग्वाल्हेरचा संग्रह, १९४७ ते १९५७ ची कोरी भारतीय तिकिटं, आणि प्रयत्न म्हणून सत्तर ते नव्वदच्या दशकांतल्या स्मारक तिकिटांचा एक अल्बम. अटी: विकल्या गेलेल्या किमतीवर १५ टक्के कमिशन, कमिशनवर १८ टक्के जीएसटी, राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, दोघांच्या संमतीने, लिलावानंतर दीड महिन्याने पैसे. पॅन, रद्द केलेला चेक आणि वस्तू आमच्या मालकीच्या असल्याचं आईच्या सहीचं पत्र मागितलं. राखीव किंमत फार वर ठेवू नका असं त्यांनी सुचवलं, आणि मला ते पटलं. बोली सुरूच झाली नाही तर वस्तू पडून राहते आणि पुढच्या वेळी लोक तिला ओळखून टाळतात.

डिसेंबरमध्ये पंजाब मेलने मुंबईला गेले. अल्बम उशाला घेऊनच झोपले. प्रत्येक पानाचा फोटो आधी काढला होता आणि दुकानात दोघांनी मिळून यादीवर सह्या केल्या. परत येताना बॅग हलकी होती आणि मला सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं.

लिलाव एप्रिल २०२४ मध्ये झाला. आम्ही घरात लॅपटॉपसमोर बसलो होतो, भाऊ व्हिडिओ कॉलवर. पाकिटं १८,५०० ला गेली. दोन बोली लावणारे शेवटपर्यंत टिकले म्हणून. एकच असता तर आठ हजारांवर थांबलं असतं. ग्वाल्हेरचा संग्रह १४,००० ला गेला. १९४७ ते १९५७ चा लॉट, ज्यात २१ नोव्हेंबर १९४७ चं ध्वजाचं 'जय हिंद' तिकीट आणि गांधीजींची तीन होती, तो ९,५०० ला. त्यांचा डिंक चांगला राहिला असता तर जास्त आले असते, असं लिलावगृहाच्या माणसाने नंतर सांगितलं. स्मारक तिकिटांच्या अल्बमला एकही बोली आली नाही.

एकूण ४२,०००. कमिशन ६,३००, त्यावर जीएसटी १,१३४. हातात ३४,५६६. जूनमध्ये जमा झाले. आईने त्यातले थोडे काकांना देऊ केले. त्यांनी फक्त एक ग्वाल्हेरचं सुटं सरविस तिकीट मागून घेतलं.

आता उरलेल्या नऊ-दहा अल्बमांचं. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक घरांत हेच असतं: गेल्या चाळीस-पन्नास वर्षांची कोरी स्मारक तिकिटं आणि पहिल्या दिवसाची पाकिटं. व्यापाऱ्यांनी छापील किमतीच्या साठ टक्क्यांपर्यंत भाव दिला, पाकिटं तर वजनावर मागितली. पंचवीस पैशांचं कोरं तिकीट पन्नास वर्षं जपलं आणि त्याला पूर्ण छापील किंमत मिळाली, तरी आज वीस ग्रॅमच्या साध्या पत्राला पाच रुपये लागतात, म्हणजे एका पत्राला अशी वीस तिकिटं. दादांनी ज्या पैशात वीस पत्रं पाठवली असती, त्यात आज एक जातं.

म्हणून नव्या तिकिटांत पैसे गुंतवावेत असं कुणी सांगत असेल तर माझं स्पष्ट मत आहे: गुंतवू नका. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महागाईच्या भीतीने इंग्लंड-अमेरिकेत लोकांनी तिकिटांत पैसे घातले, भाव चढले आणि १९८० नंतर कोसळले. स्पेनमध्ये तर दोन कंपन्यांनी तिकिटांवर ठरावीक परताव्याचं आश्वासन देऊन लाखो सामान्य लोकांची बचत घेतली होती. मे २००६ मध्ये पोलिसांनी धाडी घातल्या तेव्हा तिकिटांची खरी किंमत त्यांच्या हिशेबातल्या किमतीच्या जवळपासही नव्हती. तिकिटं आवडतात म्हणून घ्या. दादांना दिवसाचे दोन तास तिकिटांनी दिले, आणि चंदनाच्या वासाचं २००६ चं तिकीट नाकाशी धरून त्यांनी नातीला हसवलं होतं. त्या अल्बमांचं मोल करायचं तर ते त्या तासांनी करायला हवं.

एक रुपया आणि त्याहून जास्त किमतीची कोरी तिकिटं मी वेगळी काढली. भावाच्या मुलीचं लग्न गेल्या नोव्हेंबरात झालं, पत्रिका ग्वाल्हेरहून पाठवायच्या होत्या. बाड्यावरच्या पोस्टात विचारून घेतलं, आणि प्रत्येक पत्रिकेवर पाच रुपये भरतील अशी दादांची तिकिटं लावली. डिंक गेलेल्यांना खळ लावली. असा पूर्ण छापील किमतीचा उपयोग झाला, आणि इंदूरच्या आत्याने फोन करून विचारलं, "अगं, ही दादाची आहेत का गं?"

लिलावात न गेलेला अल्बम आणि दुहेरी असलेली तिकिटं आमच्या भागातल्या एका शाळेत मुलांच्या तिकीट मंडळाला दिली. तो अल्बम मुंबईहून परत मागवण्याचं टपाल तीनशे ऐंशी रुपये पडलं होतं. पहिल्या दिवसाची पाकिटं अजून माझ्याकडेच आहेत. विषयवार घेणारे लोक असतात असं काका म्हणतात: कुणी फक्त रेल्वे, कुणी फक्त पक्षी, कुणी फक्त मध्य प्रदेशाशी संबंधित. तानसेन आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्याची वेगळी काढून ठेवली आहेत. ती मी विकणार नाही. बाकीच्यांची विषयवार यादी येत्या महिन्यात पूर्ण होईल.